अपडेटनंतर टॅब रखडतोय, तानपुरा मध्येच तुटतो. रिसेट न मारता काही करता येईल का?

गाणंवर्ग_मिरज (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी गाणं शिकवते. घरी मिरजेत, आणि मंगळवार-गुरुवार सांगलीला एका शाळेच्या खोलीत. तिथं चौदा मुलं येतात. घरी तंबोरा आहे, पण भोपळा सांभाळत एसटीनं जायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा. म्हणून गेली चार वर्षं सांगलीला टॅबवर तानपुऱ्याचं ॲप लावते, वायरचा छोटा स्पीकर जोडते आणि शिकवते. आजवर कधी तक्रार नव्हती.

गेल्या सोमवारी टॅबला मोठं अपडेट आलं. रात्री टाकलं, मंगळवारी वर्गात नेला आणि तिथून सगळं बिघडलं. चालू व्हायलाच तीन-साडेतीन मिनिटं लागतात. बंदिशींची पीडीएफ उघडली की पान पांढरंच राहतं, मग अक्षरं हळूहळू उमटतात. 'भूप' टाईप करायला घेतलं तर 'भ' दिसेपर्यंत मी पुढच्या शब्दावर गेलेली असते. हे सगळं मी चालवून घेईन. चालवून घेता येत नाही ते तानपुऱ्याचं. काळी ४ ला, म्हणजे पेटीच्या त्या पट्टीच्या सुरात, लावलेला असतो. पंचमाची तार वाजते, जोड वाजते आणि शेवटी खर्जाच्या जाड तारेवर मध्येच 'खट्'. कापड टरकावल्यासारखा आवाज. सूर पुन्हा येतो, पण किंचित उशिरा. मुलं षड्ज धरून बसलेली असतात, त्या खटक्याला त्यांचा सूर हलतो. एका आठ वर्षांच्या मुलीला 'सा'वर स्थिर बसायला सहा महिने लागले आहेत. गुरुवारी ती दोनदा घसरली आणि मला फार वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती.

टॅब चार वर्षांपूर्वीचा, अँड्रॉइड, ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा. शिल्लक १.१ जीबी दाखवतो.

शेजारचा मुलगा म्हणतो, फॅक्टरी रिसेट मारा, आतलं सगळं पुसून नव्यासारखा होईल. पण या टॅबमध्ये माझ्या बाईंची तालीम आहे. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या ११ फाइली. बाई आता नाहीत आणि त्या कॅसेटना बुरशी लागली, त्या गेल्या. रिसेटचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. दुसरा काही मार्ग आहे का? जुनं व्हर्जन परत टाकता येतं का?


ठाणे_पूर्व (रविवार, रात्री १०:१५)

ताई, माझ्या फोनचं असंच झालं होतं. प्ले स्टोअरवरून एखादं रॅम क्लीनर टाका आणि दर तासाला चालवा. शिवाय चौकोनाचं बटण दाबून मागची सगळी ॲप्स वर ढकलून बंद करत राहा. तात्पुरता तरी फरक पडतो.


देवरुखकर (रविवार, रात्री १०:५०)

बाकी काहीही करा, पण आधी त्या ११ फाइली बाहेर काढा. आजच. वडिलांचा फोन अपडेटनंतर अडकायला लागला म्हणून मी एका दुकानात दिला. "डेटाला धक्का लागणार नाही," असं सांगून त्यानं रिसेट मारला. वडिलांनी आंब्याच्या झाडांची सात वर्षांची नोंद फोनमध्ये ठेवली होती, कुठल्या कलमाला कधी मोहोर आला, कुठली फवारणी कधी केली. सगळं गेलं. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण पुढच्या हंगामात वही काढून पहिल्या झाडापासून लिहायला बसले. ते बघवत नव्हतं.


नाशिकरोड_दुरुस्ती (रविवार, रात्री ११:३०)

ताई, मी चौदा वर्षं मोबाईल दुरुस्ती करतो. अपडेटनंतरचे फोन-टॅब माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात, आणि त्यातले निम्मे तरी रिसेटशिवाय सुधारून जातात. तेव्हा घाबरू नका. देवरुखकरांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, आधी फाइली. ओटीजीची पिन (टॅबला पेनड्राइव्ह जोडायची छोटी पिन) आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि टॅबमधून थेट त्यावर कॉपी करा. 'मूव्ह' नाही, 'कॉपी'. झाल्यावर प्रत्येक फाइलचा आकार दोन्हीकडे जुळतो का बघा, आणि पेनड्राइव्हवरूनच प्रत्येक फाइल एकदा मधून आणि एकदा शेवटाकडून वाजवून बघा. फक्त सुरुवात वाजली म्हणजे कॉपी नीट झाली असं नसतं. मगच पुढचं वाचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. एक गोष्ट विचारतो: तुम्ही रात्री टॅब पूर्ण बंद करून ठेवता का? चार्जिंगसुद्धा बंद असतानाच करता का?

का विचारतो ते सांगतो. अँड्रॉइडमधलं प्रत्येक ॲप तुमच्या टॅबच्या चिपला समजेल अशा भाषेत आधी तयार करून ठेवावं लागतं. मोठं अपडेट आलं की ही जुनी तयारी बरीचशी निरुपयोगी होते आणि नव्यानं करावी लागते. अँड्रॉइड ५ आणि ६ च्या काळात हे काम अपडेट झाल्याबरोबर डोळ्यांसमोर व्हायचं. "ॲप ऑप्टिमाइझ होत आहे, ११२ पैकी ४०" असं काहीतरी पडद्यावर यायचं आणि माणूस चहा करून येईपर्यंत ते चालायचं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ती वाट बघणं संपलं. टॅब लगेच हातात मिळतो, आणि राहिलेलं काम तो मागं, सवडीनं करतो. पण कधी? तर टॅब चालू आहे, चार्जिंगला लावलेला आहे आणि कुणी हात लावत नाही, अशा वेळी. म्हणजे बहुतेकांच्या घरी रात्री.

दुसरं कामही रात्रीचंच. तुम्ही एखादी फाइल पुसता तेव्हा ती जागा रिकामी झाली हे मेमरीच्या चिपला आपोआप कळत नाही. ते तिला वेगळं सांगावं लागतं, त्याला ट्रिम म्हणतात. हे झालं नाही तर लिहिण्याचा वेग पडत जातो. २०१२ चा नेक्सस ७ टॅब्लेट काही महिन्यांत मंद होतो अशी जगभर ओरड होती. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं, त्यात ही ट्रिमची सोय आली आणि अनेकांचा तोच टॅब पुन्हा पळायला लागला. ट्रिमसुद्धा टॅब निवांत असतानाच होतं.

रात्री बंद करून ठेवलेल्या टॅबला यातलं काहीच करता येत नाही. मग ती कामं साचत जातात, आणि दिवसा, तुमच्या वर्गात, खर्ज वाजत असताना टॅबला अर्धवट तयारीवरच पळावं लागतं.

खटक्याचं कारणही तिथंच आहे. आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे. ॲप ते थोडे थोडे करून पुढं देतं, एका वेळी काही मिलिसेकंद पुरतील इतकेच. पुढची खेप वेळेवर आली नाही की स्पीकरला द्यायला काही उरत नाही. तोच तुमचा 'खट्'. पीडीएफ दोन सेकंद उशिरा उघडली तर आपण थांबतो, आवाजाला थांबता येत नाही. म्हणून टॅब दमला की पहिल्यांदा तानपुऱ्यात ऐकू येतं.

ठाणेकर, राग मानू नका, पण क्लीनर नको. ते स्वतःच मागं चालत राहतं, जाहिराती आणतं आणि ३ जीबीतला तुकडा खातं. मागची ॲप्स ढकलून बंद करण्यानंही उलटंच होतं. अँड्रॉइड ती स्वतः गरजेप्रमाणे काढतो. आपण काढली की पुढच्या वेळी ॲप शून्यापासून उघडावं लागतं, त्यात चिप आणि बॅटरी दोन्ही जास्त खर्च होतात. एखादं ॲप अडकलंच असेल तर तेवढं बंद करावं.

जुनं व्हर्जन परत टाकण्याच्या मागं लागू नका. बऱ्याच टॅबमध्ये मागं जाण्याची वाटच बंद केलेली असते, आणि जिथं जमतं तिथं बूटलोडरचं, म्हणजे टॅब चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, कुलूप उघडताना आतला सगळा डेटा पुसला जातो. तुम्हाला जे नको आहे नेमकं तेच.

आणि १.१ जीबी शिल्लक हा खरा फास आहे. ३२ जीबीचे स्वस्त टॅब जुन्या पद्धतीच्या ईएमएमसी मेमरीवर चालतात. ती भरत आली की एक ओळ लिहायला तिला आधी चार ठिकाणचं सामान हलवावं लागतं. निदान ५-६ जीबी मोकळे करा. जागा कशानं खाल्ली ते सेटिंगमधल्या स्टोअरेजमध्ये बघून इथं लिहा. बहुतेक व्हॉट्सॲप असेल.


गाणंवर्ग_मिरज (बुधवार, रात्री ९:०५)

नाशिकरोडच्या दादांनी विचारलेलं वाचून मी चाटच पडले. हो. रोज रात्री बंद करते, आणि बंद करूनच चार्जिंगला लावते. बॅटरी जास्त वर्षं टिकेल म्हणून. चार वर्षं हेच करत आलेय.

सोमवारी ११ फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. आकार जुळवले, आणि मधून-शेवटून वाजवून बघायचं ठरवलं होतं, पण एकदा लावल्यावर थांबवता आलं नाही. यमनची तालीम पूर्ण ऐकली. ४१ मिनिटांनंतर बाई म्हणतात, "घाई नको, निषादावर जरा थांब," आणि मागून चहाच्या कपबशीचा आवाज येतो. सगळं शाबूत आहे. पेनड्राइव्ह तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात ठेवलाय.

मग स्टोअरेज बघितलं. व्हॉट्सॲप २.३ जीबी, म्हणजे फार नाही. 'ऑडिओ' १३ जीबी. विश्वास बसेना. बाईंच्या ११ फाइली मिळून फक्त ६४० एमबी. बाकी सगळी मी केलेली वर्गाची रेकॉर्डिंग निघाली. जूनपासून प्रत्येक गुरुवारचा पाऊण तास रेकॉर्ड करते, गैरहजर राहिलेल्या मुलांना पाठवायला. २६ निघाली, एकेक साधारण ४७५ एमबीचं. बाईंचा तास-तासाचा आवाज एवढ्याशा जागेत आणि माझा पाऊण तास एवढा मोठा, हे कसं?

मंगळवारी वर्गात फरक नव्हता. खटके आलेच.


नाशिकरोड_दुरुस्ती (बुधवार, रात्री १०:२०)

तुमचं रेकॉर्डर ॲप 'वेव्ह'वर लावलेलं आहे. त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा साठतो, स्टिरिओ असेल तर मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. ४५ मिनिटांचे बरोबर ४७५ होतात. बाईंच्या फाइली दाबलेल्या असणार, एमपी३ किंवा तसंच काही. ॲपच्या सेटिंगमध्ये 'एएसी' आणि १२८ केबीपीएस निवडा, मिनिटाला १ एमबीच्या आसपास येईल. मुलांना घरी ऐकायला ते पुरेसं आहे. एखादं रेकॉर्डिंग कायम जपायचं असेल तर ते 'फ्लॅक'मध्ये ठेवा. त्यात आवाजाचा कणही जात नाही आणि जागाही वेव्हपेक्षा बरीच कमी लागते.

ती २६ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या, वाजवून बघा आणि मग टॅबमधून काढा. काढल्यावर फाइल मॅनेजरमधली 'कचरापेटी' रिकामी करायला विसरू नका. अनेक टॅबमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस तिथंच बसून राहते आणि जागा तसूभरही सुटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढं डिलीट केलं, तरी फुलच दाखवतंय." दहातल्या सात वेळा हेच असतं.

त्यानंतर दोन-तीन रात्री टॅब चालू ठेवूनच चार्जिंगला लावा. पडदा बंद, वायफाय चालू, हात लावायचा नाही. बॅटरीची काळजी असेल तर सेटिंगमध्ये '८० ते ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा' अशी सोय आहे का बघा, पुष्कळ टॅबमध्ये आता असते. त्यानं बॅटरी जास्त टिकते आणि रात्रीची कामंही होतात.

तानपुऱ्यासाठी आणखी तीन गोष्टी. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या जागी 'निर्बंध नाही' निवडा, अपडेटनंतर अशी सेटिंग कधी कधी मूळपदावर गेलेली असतात. वर्गात बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा, तो चिपचा वेगच कमी करतो. आणि 'व्हर्च्युअल रॅम' किंवा 'रॅम वाढवा' असं काही चालू असेल तर तेही बंद करून बघा. ती खरी रॅम नसते, तुमच्या त्याच मंद मेमरीचा तुकडा रॅम म्हणून वापरतात. वेगवान मेमरीत ते चालून जातं, तुमच्या टॅबमध्ये भार वाढवेल.

कॅशे, म्हणजे ॲपनं तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, पुसताना एक जपा. बटणं दोन असतात, 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा'. पहिलं बिनधास्त दाबा. दुसरं दाबलं तर त्या ॲपमधलं तुमचं सगळं जातं, व्हॉट्सॲपचे चॅटसुद्धा.


ठाणे_पूर्व (गुरुवार, सकाळी ८:१०)

क्लीनर काढून टाकलं, धन्यवाद. पण एक विचारतो. कंपन्या मुद्दाम जुनी यंत्रं मंद करत नाहीत का? नवीन घ्यावं म्हणून? सगळा दोष आपल्या रेकॉर्डिंगवर कसा?


जुनंतेसोनं (गुरुवार, सकाळी ९:३०)

शंका अगदीच हवेतली नाही. ॲपलचं प्रकरण उघड आहे. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आलं, त्यात बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनचा वेग गरजेनुसार खाली आणण्याची व्यवस्था होती. लोकांना सांगितलं नव्हतं. लोकांनी वेग मोजून दाखवला, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं, माफी मागितली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी बदलण्याची किंमत २९ केली. त्यांचं कारण असं की थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, न सांगणं मात्र चूक होतं. २०१८ मध्ये आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं ते त्यामुळंच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं अपडेटमुळं फोन मंद झाल्याबद्दल ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड लावला.

पण म्हणून प्रत्येक मंद टॅब म्हणजे कट, असंही नाही. नवं व्हर्जन नव्या यंत्रांवर तपासून केलेलं असतं आणि ३ जीबीवाल्याला ते जड जातं, एवढंच पुष्कळदा असतं. तरी माझं मत आहे की "या अपडेटनंतर तुमचं यंत्र मंद होऊ शकतं" हे बटण दाबण्याआधी पडद्यावर लिहिलेलं हवं. चौदा मुलांचा वर्ग अडतो तेव्हा ती लहान गोष्ट नसते.


गाणंवर्ग_मिरज (पुढचा शुक्रवार, रात्री ८:३०)

उशिरा लिहितेय, पण सगळं करून, दोन वर्ग घेऊनच लिहायचं ठरवलं होतं.

२६ पैकी २४ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेऊन टॅबमधून काढली. कचरापेटीत ती खरंच बसून होती, रिकामी केल्यावर शिल्लक १.१ वरून १२.५ जीबी झाली. रॅम वाढवण्याचं काहीतरी चालू निघालं, बंद केलं. तानपुऱ्याला 'निर्बंध नाही' केलं. रविवार, सोमवार, दोन्ही रात्री टॅब चालूच ठेवून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. सोमवारी रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पाठीला हात लावून बघितला, कोमट होता. पडदा बंद आणि तरी कोमट! आत काहीतरी चाललंय हे हाताला कळलं.

मंगळवारी पाऊण तासात दोन खटके, तेही सुरुवातीला. काल गुरुवारी एकही नाही. काळी ४, चाळीस मिनिटं, सलग. त्या मुलीनं 'सा' धरला आणि डोळे मिटून बसून राहिली. मी तिला थांबवलं नाही.

चालू व्हायला अजून दीड मिनिट लागतं. पीडीएफ पूर्वीइतकी चटकन उघडत नाही, पण पांढरं पान दिसत नाही. वर्गाआधी पाच मिनिटं पानं उघडून ठेवते.

एक राहिलं. परत "अपडेट उपलब्ध" असं यायला लागलंय, १९० एमबीचं. टाकू का?


नाशिकरोड_दुरुस्ती (शुक्रवार, रात्री ९:१५)

१९० एमबीचं म्हणजे सुरक्षेचं मासिक अपडेट असणार, टाका. त्याच टॅबवर तुम्ही फी घ्यायला यूपीआय वापरत असाल तर टाकाच. फक्त शुक्रवारी रात्री टाका, म्हणजे मंगळवारच्या आत त्याला तीन-चार रात्री मिळतील. मोठं व्हर्जन आलं तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबा, आणि टाकण्याआधी किमान ६ जीबी मोकळे आहेत का बघा.

आणि बाईंच्या त्या ११ फाइलींची एकच प्रत पेनड्राइव्हवर आहे ना? पेनड्राइव्ह एके दिवशी न सांगता जातो. आणखी एक प्रत करा, दुसऱ्या घरात ठेवा.


गाणंवर्ग_मिरज (शुक्रवार, रात्री ९:४०)

अपडेट आत्ता टाकलं, टॅब चार्जिंगला आहे. दुसरी प्रत उद्याच करते. बाईंची धाकटी बहीण कोल्हापूरला असते, तिला फोन केला होता. म्हणाली, माझ्याकडे आणून दे, पण आधी मला ऐकव.